जुना संगणक आणि मोजके पैसे

अनेक शाळांच्या एखाद्या खोलीत चारपाच जुने संगणक आच्छादनाखाली झाकून ठेवलेले असतात. कुणी माजी विद्यार्थ्याने दिलेले, एखाद्या कंपनीने नवे घेताना शाळेला भेट दिलेले. ते बिघडलेले नसतात, पण सुरू व्हायला पाच मिनिटे घेतात, एखादे संकेतस्थळ उघडायला आणखी दोन, आणि तोवर पस्तीस मिनिटांच्या तासिकेचा पाचवा हिस्सा संपलेला असतो. मग ते हळूहळू वापरातून जातात. घरी हौसेने संगणक बाळगणाऱ्याचीही गत बहुधा अशीच असते. खिशात थोडे पैसे असतात आणि प्रश्न पडतो, ते कशावर घालावेत? प्रोसेसर बदलावा, मेमरी वाढवावी, नवी डिस्क घ्यावी, की सगळेच सोडून एखादा छोटा नवा संगणक घ्यावा? आणि त्यावर चालवायचे काय?

दुकानात हा प्रश्न विचारला तर उत्तर बहुतेक वेळा एकच मिळते, 'सर, हा आता जुना झाला, नवीनच घ्या.' हे उत्तर नेहमीच चुकीचे असते असे नाही. पण ते पटवून घेण्याआधी संगणक हळू चालतो म्हणजे त्यातले नेमके काय हळू चालते, हे पाहिले पाहिजे.

उदाहरणासाठी एक शाळा कल्पू. तिला एका कंपनीने पाच संगणक दिले आहेत. प्रत्येकात कोअर टू ड्यूओ जातीचा प्रोसेसर आहे (ही मालिका इंटेलने २००६ मध्ये बाजारात आणली), १ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून २ जीबी मेमरी आहे आणि १६० जीबीची फिरती हार्ड डिस्क आहे. पाचांसाठी मिळून शाळेजवळ दहा हजार रुपये आहेत. वस्तूंच्या किमती या लेखात मी देणार नाही. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव असे काही चढले की छापलेला आकडा अंक हातात पडेपर्यंत शिळा होतो. हिशोब करण्याची रीत मात्र शिळी होत नाही.

कोण कुणाची वाट पाहते?

प्रोसेसर आकडेमोड करतो. त्याला लागणारी माहिती आणि आज्ञा मेमरीत, म्हणजे रॅममध्ये असाव्या लागतात. तिथे त्या नसतील तर डिस्कवरून आणाव्या लागतात. या तीन ठिकाणांच्या वेगांत किती अंतर आहे, ते पाहू.

रॅममधील एखादी जागा वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात असे धरू. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. फिरत्या हार्ड डिस्कचे काय? तिच्यावर ७२०० फेरे असे लिहिलेले असते, ते दर मिनिटाचे. म्हणजे सेकंदाला १२० फेरे, आणि एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचनशीर्षाखाली येण्यासाठी सरासरीने अर्धा फेरा वाट पाहावी लागते, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. त्याआधी शीर्षाचा हात योग्य वर्तुळावर सरकायला हवा, त्यासाठी सुमारे ९ मिलिसेकंद. एकूण १३ मिलिसेकंद झाले. सेकंदाला सत्तर-ऐंशी वेळा शोधाशोध करणे हीच अशा डिस्कची मर्यादा. हे यांत्रिक बंधन आहे. तबकडी यापेक्षा वेगाने फिरत नाही, तिथे कितीही हुशार सॉफ्टवेअर फारसे काही करू शकत नाही.

आता फिरत्या भागांशिवायची डिस्क घ्या, म्हणजे एसएसडी. तिच्यात माहिती सूक्ष्म विद्युतभारांच्या रूपात चिपवर साठवलेली असते. हात सरकायचा नाही, तबकडी फिरायची नाही. तिला एक तुकडा शोधायला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो.

नॅनो आणि मिलि हे शब्द मुलांच्या डोक्यावरून जातात, म्हणून सगळे आकडे एक कोटीपट वाढवून पाहू. रॅमचे १०० नॅनोसेकंद म्हणजे एक सेकंद झाला. टेबलावरचे पुस्तक उचलायला लागतो तेवढा वेळ. याच मापाने एसएसडीला सतरा मिनिटे लागतील, म्हणजे शिपायाला पाठवून ग्रंथालयातून पुस्तक मागवण्याइतकी. आणि फिरत्या हार्ड डिस्कला? छत्तीस तास! पुस्तकासाठी माणूस जिल्ह्याच्या गावी पाठवला, तो रात्री तिथेच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतला, असे समजा. तोवर आपला प्रोसेसर हात बांधून बसलेला असतो. या बसून राहणाऱ्याला काढून त्याच्या जागी दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवला, तर तो दुप्पट वेगाने बसून राहील!

मेमरी कमी पडते तेव्हा

आपल्या काल्पनिक शाळेच्या संगणकात २ जीबी मेमरी आहे. संगणक सुरू होताच त्यातली बरीचशी जागा खुद्द कार्यप्रणाली घेते. ब्राउझर उघडून चारपाच पाने पाहू लागलो की उरलेली संपते. मेमरी संपली म्हणून काम थांबत नाही. कार्यप्रणाली एक युक्ती करते. सध्या न लागणारा मेमरीतला भाग ती डिस्कवर नेऊन ठेवते आणि जागा मोकळी करते. तो भाग पुन्हा लागला की परत आणते आणि दुसरा काहीतरी बाहेर काढते. या अदलाबदलीला स्वॅप म्हणतात. थोडीफार अदलाबदल कुणाच्या लक्षातही येत नाही. पण सतत होऊ लागली की टेबलावरचे प्रत्येक पुस्तक जिल्ह्याहून आणावे लागते. डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो, माउसचा बाण अडखळतो, आणि मुले चारचारदा टिचकी मारून परिस्थिती आणखी बिघडवतात.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी मोजावे. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडला की प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचा वापर शेकडेवारीत दिसतो. लिनक्समध्ये 'सिस्टिम मॉनिटर' असतो. नेहमीची कामे करत दहा मिनिटे त्याकडे पाहत राहा. मेमरी ९० टक्क्यांवर आणि डिस्क सतत १०० वर असेल तर दुखणे मेमरीचे आहे. मेमरी अर्धी मोकळी असून डिस्क मात्र १०० वर असेल, तर डिस्क बदलायला हवी. प्रोसेसर शंभरावर आणि बाकी दोन्ही निवांत असतील, तरच प्रोसेसरला दोष द्यावा. जुन्या संगणकावर इंटरनेटवरचे चित्रफितीचे पान उघडले की हा तिसरा प्रकार हमखास दिसतो. कारण आजच्या चित्रफिती ज्या पद्धतीने आकुंचित केलेल्या असतात ती उलगडणारी खास मंडले जुन्या यंत्रांत नसतात, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. त्यावर उपाय म्हणजे चित्रफितीचा दर्जा एक पायरी खाली उतरवणे. त्याला एक पैसाही लागत नाही.

मेमरी घेताना जात पाहावी लागते. डीडीआर-२, डीडीआर-३ आणि डीडीआर-४ या पट्ट्या दिसायला सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी बसत नाही. खालच्या कडेला असलेली खाच प्रत्येकीत वेगळ्या ठिकाणी असते. ही खाच मुद्दामच तशी ठेवलेली आहे, कारण त्यांना लागणारा विद्युतदाबही वेगळा असतो. डीडीआर-२ ला १.८ व्होल्ट, डीडीआर-३ ला १.५ आणि डीडीआर-४ ला १.२. पट्टी सहज बसत नसेल तर जोर लावू नये, ती त्या घराची नव्हे.

दुसरी मर्यादा मदरबोर्डाची. कोअर टू ड्यूओच्या काळातील पुष्कळ मदरबोर्डांवर ४ जीबीपेक्षा अधिक मेमरी चालत नाही. बोर्डाचा क्रमांक पाहून उत्पादकाच्या माहितीपत्रकात हे तपासता येते. तिसरी मर्यादा थोडी गणिती आहे आणि वर्गात शिकवण्याजोगी आहे. कार्यप्रणाली ३२ बिटांची असेल तर ती मेमरीतील जागांना ३२ अंकी द्विमान क्रमांक देते. असे क्रमांक २ चा ३२ वा घात इतके, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ होतात. एका क्रमांकाला एक बाइट, म्हणजे झाले बरोबर ४ जीबी. त्यातलेही काही क्रमांक ग्राफिक्स आणि इतर जोडण्यांसाठी राखीव असतात. म्हणूनच ३२ बिटांच्या विंडोजवर ४ जीबी बसवूनही सव्वातीनच्या आसपास दिसते आणि माणूस दुकानदाराशी भांडायला जातो. प्रोसेसर ६४ बिटांचा असेल तर कार्यप्रणालीही ६४ बिटांची घ्यावी. कोअर टू ड्यूओ ६४ बिटांचाच आहे, त्यामुळे आपली शाळा या अडचणीतून सुटते.

पाचांचे तीन

आता दहा हजारांचा प्रश्न. पाचही यंत्रांत मेमरीही वाढवायची आणि एसएसडीही घालायची, तर पैसे पुरतीलच असे नाही. इथे माझे मत स्पष्ट आहे, पाच रखडणाऱ्या यंत्रांपेक्षा तीन चालणारी यंत्रे बरी. मदरबोर्डावर मेमरीच्या चार खाचा असतील तर दोन यंत्रांच्या पट्ट्या दुसऱ्या दोघांत घालून ४ जीबीची दोन यंत्रे फुकटात तयार होतात. तिसऱ्यासाठी तेवढी मेमरी विकत आणायची. (दोनच खाचा असतील तर मात्र २ जीबीच्या पट्ट्या शोधाव्या लागतील. डीडीआर-२ आता बनत नसल्याने त्या जुन्या बाजारातच मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस अशा ठिकाणी त्या सापडतात.) उरलेली दोन यंत्रे सुट्या भागांसाठी जपून ठेवायची. एखादा वीजपुरवठा किंवा पंखा गेला की त्यांची किंमत कळते. शिवाय आठवीच्या मुलांना संगणक आतून दाखवायला याहून चांगले साधन नाही.

वाचलेल्या पैशांतून तिघांनाही एसएसडी. १२० किंवा २४० जीबीची पुरे. एखादा कार्यक्रम सुरू होताना डिस्कवर विखुरलेले समजा दोन हजार तुकडे वाचावे लागतात. फिरत्या डिस्कला त्यासाठी २००० गुणिले १३ मिलिसेकंद, म्हणजे २६ सेकंद लागतील. एसएसडीला ०.२ सेकंद. प्रत्यक्षात कार्यप्रणाली काही तुकडे आधीच वाचून ठेवते, म्हणून फरक इतका टोकाचा दिसत नाही, पण डोळ्यांना जाणवेल एवढा नक्की असतो. दुकानदार सांगेल की तुमच्या जुन्या साटा जोडणीवर एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही. ते खरे आहे. एकच मोठी फाइल सलग नक्कल करताना वेग निम्म्यावर येईल. पण आपला फायदा सलग वाचण्यातला नाहीच, तो शोधाशोध वाचण्यातला आहे, आणि तो जुन्या जोडणीवरही मिळतो.

'एसएसडीवर ठराविक वेळाच लिहिता येते, मग ती संपते' ही भीतीही वारंवार ऐकू येते. मर्यादा असते, पण हिशोब करून पाहा. २४० जीबीच्या स्वस्त एसएसडीला उत्पादक साधारण ८० टेराबाइट लिहिण्याची हमी देतात. रोज १० जीबी लिहिले (शाळेत इतके कोण लिहिते?) तरी वर्षाला ३.६५ टेराबाइट होतात, म्हणजे वीसहून अधिक वर्षे. त्याआधी बाकीचा संगणक निवृत्त झालेला असेल. मात्र एसएसडी कोणतीही पूर्वसूचना न देता एकदम बंद पडू शकते. फिरती डिस्क पुष्कळदा आवाज करून किंवा हळू होऊन आधी सांगते. म्हणून निकालपत्रके आणि प्रश्नपत्रिका यांची दुसरी प्रत कुठेतरी ठेवलेलीच असावी. काढलेल्या १६० जीबीच्या डिस्का याच कामी येतात.

पाच रुपयांपासून सुरू होणारे उपाय

नवे भाग आणण्याआधी काही बारीक गोष्टी करून पाहाव्यात. संगणक सुरू केल्यावर तारीख दहापंधरा वर्षे मागची दिसते का? तसे असेल तर मदरबोर्डावरची नाण्यासारखी ३ व्होल्टची बॅटरी संपली आहे. तिचा क्रमांक सीआर-२०३२. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ही बाब क्षुल्लक वाटते, पण तिचा परिणाम वेगळ्याच ठिकाणी दिसतो. सुरक्षित संकेतस्थळे आपली ओळख पटवण्यासाठी मुदत असलेले प्रमाणपत्र दाखवतात. संगणकाच्या लेखी आज २००९ साल असेल तर त्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही, म्हणून तो पान उघडायला नकार देतो. 'इंटरनेट बिघडले' म्हणून पडून राहिलेला संगणक बॅटरी बदलताच चालू लागल्याची उदाहरणे कमी नाहीत.

धूळ ही दुसरी गोष्ट. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची गादी साचली की उष्णता बाहेर पडत नाही, आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. मऊ ब्रशने आणि फुंकणीने ती काढावी. काम करताना वीज पूर्ण तोडावी आणि आधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावरची स्थिरविद्युत निघून जाते.

एक सूचना मात्र कळकळीने. वीजपुरवठ्याचा जो लोखंडी डबा असतो, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो उघडू नये आणि मुलांना तर मुळीच उघडू देऊ नये. २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे शिखर २३० गुणिले १.४१४, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असते, आणि आतील संधारित्र त्या दाबापर्यंत भारित होतो. प्लग काढल्यावरही हा भार काही काळ टिकून राहू शकतो. डबा बिघडला असेल तर बदलावा. जाताजाता मदरबोर्डावरचे उभे, डब्यासारखे संधारित्र पाहून घ्या. त्यांचे डोके फुगलेले किंवा तपकिरी द्रव बाहेर आलेला असेल तर त्या यंत्रावर पैसे घालू नयेत. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या अनेक बोर्डांत सदोष संधारित्रांमुळे हा दोष आढळला होता.

चालवायचे काय?

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने देऊ केलेली नियमित सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आपल्या शाळेचे कोअर टू ड्यूओ त्यात कुठेच बसत नाहीत. अटी चुकवून ते बसवण्याच्या युक्त्या सांगणारे भेटतात, पण दर सुधारणेच्या वेळी जीव टांगणीला लागणार असेल तर शाळेने त्या वाटेला जाऊ नये. आणि दुकानदाराने 'टाकून दिलेले' विनापरवाना विंडोज हा पर्याय तर नाहीच. ते बेकायदा आहे, शिवाय त्यासोबत आणखी काय आले आहे हे कळायला मार्ग नसतो.

राहते लिनक्स. इथे थोडा इतिहास सांगण्याचा मोह होतो, कारण तो आपल्या विषयाचाच आहे. १९९१ च्या जानेवारीत हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांच्या लिनस टोर्वाल्ड्सने हप्त्यांवर एक ३८६ जातीचा संगणक घेतला. विद्यापीठातल्या मोठ्या यंत्रांवर चालणारे युनिक्स त्याला घरी हवे होते, पण ते परवडणारे नव्हते. म्हणून त्याने स्वतःच तसे काही लिहायला घेतले आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याची जाहीर वाच्यता करताना हा आपला केवळ छंद असल्याचे म्हटले. त्याआधी १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला होता, त्यातील साधने या गाभ्याला मिळाली आणि पूर्ण प्रणाली उभी राहिली. म्हणजे तिचा जन्मच पैशाची चणचण असलेल्या हौशी माणसाच्या हातून झाला. गंमत अशी की जुन्या यंत्रांना आधार देण्यालाही सीमा असते. ज्या ३८६ साठी लिनक्स लिहिले गेले, त्याचाच आधार डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातून काढून टाकण्यात आला.

ही सीमा पुढे सरकत असते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून निव्वळ ३२ बिटांच्या संगणकांवर डेबियन नव्याने बसवता येत नाही. तेव्हा कुणी पेन्टियम ४ च्या सुरुवातीच्या काळातले यंत्र देऊ केले तर आभार मानून नकार द्यावा, किंवा मुलांना आतून दाखवण्यासाठी ठेवावे. ६४ बिटांच्या यंत्रांना ही अडचण नाही.

लिनक्सचे अनेक अवतार आहेत आणि कोणता घ्यावा यावर हौशी मंडळी तासन्‌तास वाद घालतात. शाळेने त्यात पडू नये. ४ जीबीच्या यंत्रासाठी लिनक्स मिंटचा एक्सएफसीई हा अवतार घ्यावा. तो विंडोजसारखा दिसतो, मेमरी कमी खातो, आणि त्याबद्दल मदत सहज मिळते. सी-डॅकने २००७ पासून विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच बेतलेली आहे. केरळमधील सरकारी शाळांत तर 'काइट' ही राज्याची संस्था शाळांसाठी खास तयार केलेले ग्नू-लिनक्स वापरते, त्यामुळे हा मार्ग शाळांना नवखा नाही. मात्र एक गैरसमज दूर केलेला बरा. हलकी कार्यप्रणाली घेतली म्हणून संकेतस्थळे हलकी होत नाहीत. ब्राउझर मेमरी खातो तो कुठल्याही प्रणालीवर खातोच. हलक्या प्रणालीमुळे वाचतात ते चारपाचशे एमबी. २ जीबीच्या यंत्रावर ते मोलाचे, ८ जीबीच्या यंत्रावर नगण्य.

डिस्क पुसण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहता येते. त्यात संगणकावरचे काहीही बदलत नाही. आवाज येतो का, वाय-फाय जोडले जाते का, पडद्याचे चित्र नीट आहे का, हे तासाभरात कळते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रिंटर. अनेक स्वस्त लेझर प्रिंटरांत स्वतःची बुद्धी नसते. पानाचे चित्र तयार करण्याचे सगळे काम संगणकावरचा ड्रायव्हर करतो, आणि तो बहुधा विंडोजसाठीच लिहिलेला असतो. प्रश्नपत्रिका छापायच्या आदल्या दिवशी ही गोष्ट कळू नये. कार्यालयातला एक संगणक विंडोजवरच ठेवून बाकीचे बदलणे हा पुष्कळ शाळांसाठी शहाणपणाचा मध्यम मार्ग आहे.

(पेन ड्राइव्ह घेताना सावध असावे. रस्त्यावर स्वस्तात मिळणारा १ टीबीचा पेन ड्राइव्ह बहुधा ३२ जीबीचाही नसतो. आतील नियंत्रक चिपला खोटी क्षमता सांगायला शिकवलेले असते. खरी जागा संपली की ती नवी माहिती जुन्यावरच लिहिते किंवा सरळ टाकून देते, आणि यादीत फायलींची नावे मात्र व्यवस्थित दिसत राहतात. पूर्ण भरून, पुन्हा वाचून, जुळते का पाहणे ही एकच खरी परीक्षा. 'एफ-थ्री' नावाचे मोफत साधन ती करून देते.)

मराठीचे काय, हा प्रश्न शिक्षक पहिल्यांदा विचारतात आणि ते योग्यच आहे. लिनक्सवर देवनागरी फॉन्ट आणि इन्स्क्रिप्ट कळफलक असतोच. अडचण येते ती जुन्या फायलींची. युनिकोडच्या आधीच्या काळात प्रत्येक देवनागरी फॉन्टचे स्वतःचे संकेत होते. त्या फायलीत खरे तर इंग्रजी अक्षरांचे क्रमांक साठवलेले असत आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवी. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अख्खी प्रश्नपत्रिका निरर्थक रोमन चिन्हांची रांग होऊन जाते. यात लिनक्सचा दोष नाही, तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही हेच घडते. अशा फायली परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणून, 'ऱ्य' आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासून घ्याव्यात. तिथेच परिवर्तक सर्वांत जास्त चुकतात. पुढचे सगळे काम युनिकोडमध्ये लिब्रेऑफिसवर करावे.

अभ्यासासाठी लागणारी साधने दोन्हीकडे सारखीच. भूमितीसाठी जिओजेब्रा, आणि विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचे 'फेट' प्रयोग. त्यातले अनेक मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात.

छोटा संगणक आणि विजेचे बिल

हौशी वाचक इथवर येऊन विचारेल, या जुन्या डब्यांपेक्षा रास्पबेरी पाय का घेऊ नये? पत्त्यांच्या कॅटएवढा हा संगणक केंब्रिजमध्ये मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्याच्या हेतूने तयार झाला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो ३५ डॉलरला विक्रीस आला. यंत्र उत्तमच आहे. पण किमतीत फक्त पाटी मिळते. मेमरी कार्ड, वीजपुरवठा, पेटी, पडद्याची केबल, आणि पडदा जुन्या निळ्या जोडणीचा असेल तर रूपांतरक, हे सगळे वेगळे घ्यावे लागते. हिशोब करताना हे सगळे धरावे.

त्याच्या बाजूने असलेला मुद्दा विजेचा. पडदा सोडून जुना संगणक ७० वॅट घेतो आणि पाय ६ वॅट, असे धरू. शाळेत दिवसाला सहा तास, वर्षाला २०० दिवस, म्हणजे १२०० तास. ६४ वॅटच्या फरकाने वर्षाला सुमारे ७७ युनिट वाचतील. दहा रुपये युनिट धरले तर पावणेआठशे रुपये. नव्या खरेदीवर सात हजार खर्च झाले असतील तर ते वसूल व्हायला नऊ वर्षे लागतील, आणि तोवर ते यंत्रही जुने झालेले असेल. वर्गातल्या कामासाठी विजेची बचत हे नवे यंत्र घेण्याचे कारण होऊ शकत नाही.

पण हाच संगणक रात्रंदिवस चालू ठेवायचा असेल तर? समजा, किविक्स या मोफत साधनाने मराठी विकिपीडियाची प्रत आणि फेटचे प्रयोग एका यंत्रावर ठेवून ते शाळेच्या वाय-फायवरून सगळ्या वर्गांना द्यायचे आहेत. वर्षाचे तास ८७६० होतात, फरक ५६० युनिटांचा, म्हणजे पाच हजार सहाशे रुपये. इथे मात्र छोटा संगणक दीड वर्षाच्या आत आपली किंमत काढतो.

वरचे ७० आणि ६ वॅट हे मी धरलेले आकडे आहेत. आपल्या यंत्राचा खरा आकडा वर्गाला मोजता येतो. इलेक्ट्रॉनिक वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी '३२०० इम्पल्स प्रति युनिट' अशासारखी नोंद असते. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, त्याला ३२०० ने भागले की एका लुकलुकीला ११२५ ज्यूल येतात. इमारतीतले बाकी सगळे बंद करून एकच संगणक चालू ठेवा आणि दहा लुकलुकींचा वेळ घ्या. १५० सेकंद लागले तर एका लुकलुकीला १५ सेकंद, आणि ११२५ भागिले १५, म्हणजे ७५ वॅट. मग पडदा लावून मोजा, पडदा काढून मोजा. जुना काचेच्या नळीचा पडदा असेल तर तो संगणकाइतकीच वीज खात असल्याचे दिसेल. संगणक 'बंद' करून प्लग तसाच ठेवला तरी दिवा अधूनमधून लुकलुकतो का, हेही मुलांना पाहू द्या. त्या लुकलुकींमध्ये मिनिटे जातात, तेव्हा मधल्या सुट्टीत पाळी लावून मोजावे लागेल.